फर्स्ट शिफ्ट आणि सकाळचं कॉलेज

मी मॅट्रिक झाले ती जुन्या अकरावीची. हे ‘जुन्या’ मुद्दाम सांगावं लागतं, कारण पुढे दहावी आणि बारावीची नवी पद्धत आली आणि आमची अकरावी बघता बघता मोडीत निघाली. पण मी पास झाले तेव्हा आमच्या गावात अकरावी झालेली मुलगी म्हणजे कौतुकाची गोष्ट होती. चाकणच्या पुढे आमचं गाव. हेडमास्तर स्वतः घरी आले, वडिलांना म्हणाले, “मुलीला कॉलेजात घाला, फर्स्ट क्लास वाया घालवू नका.” वडिलांनी त्यांना चहा पाजला, मान डोलावली आणि पुढच्याच उन्हाळ्यात माझं लग्न ठरवलं.

बघायला आलेला मुलगा आयटीआय करून पिंपरीच्या एका कंपनीत टर्नर म्हणून लागलेला होता. शाळा नववीतच सुटलेली. त्याचे काका देण्याघेण्याचं बोलत होते, माझ्या आत्या पोह्यांचा आग्रह करत होत्या, आणि तेवढ्यात त्याने मला विचारलं, “पुढं शिकायचंय का?” मी “हो” म्हणाले. मोठी माणसं हसली. त्यांना वाटलं, पोरगं थट्टा करतंय. मला मात्र तिथेच तो माणूस आवडला. पुढे खूप वर्षांनी मी ह्यांना विचारलं, की तेव्हा तो प्रश्न कसा सुचला. हे म्हणाले, “दुसरं काही सुचलंच नाही.” माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात महत्त्वाच्या प्रश्नाचं मूळ असं निघालं.

लग्न होऊन मी दापोडीत आले. एका बाजूला रेल्वे, दुसऱ्या बाजूला मुंबई-पुणे रस्ता, आणि मधल्या गल्लीत आमची दोन खोल्यांची जागा. ओळीतल्या जवळजवळ सगळ्या घरांतला पुरुष कुठल्या ना कुठल्या कंपनीत. त्यामुळे आमच्या गल्लीत घड्याळापेक्षा शिफ्टला मान होता. फर्स्ट शिफ्टवाला सकाळी सातला कामावर, दुपारी साडेतीनला सुटणार. मग सेकंड, मध्यरात्रीपर्यंत. मग नाईट, ती सकाळी सातपर्यंत. दर आठवड्याला चक्र फिरायचं. पाहुण्यांना कधी बोलवायचं, दळण कधी आणायचं, नवरा-बायकोने भांडायचं कधी, हेसुद्धा शिफ्ट बघून ठरायचं. नाईटच्या आठवड्यात दिवसा भांडायची सोय नसायची, कारण माणूस झोपलेला.

दोन मुलं झाली. थोरली शाळेत जायला लागली, धाकटा दोन वर्षांचा झाला, आणि एका संध्याकाळी मी ह्यांना म्हणाले, “आता मी शिकते.” हे म्हणाले, “शिक की.” एवढ्यावर माझ्यापुरता विषय संपला होता. गल्लीचा मात्र तिथून सुरू झाला.

कारण आमच्याकडे शिक्षण म्हणजे नोकरीला जायचा रस्ता, आणि प्रत्येकाला त्यातला जवळचा रस्ता ठाऊक होता. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, टायपिंगची परीक्षा दे, सहा महिन्यांत सर्टिफिकेट. माझा भाऊ म्हणाला, डी.एड. कर, दोन वर्षांत बाई म्हणून लागशील. कुणी शिवणकामाचा डिप्लोमा सांगितला, कुणी नर्सिंग. सगळ्यांचं बोलणं शहाणपणाचंच होतं. मला कॉलेजात जाऊन बी.ए. व्हायचं होतं, आणि तेही इतिहास घेऊन. “करून काय करणार?” असं सगळे विचारायचे. मला वाचायचं होतं, एवढंच. पण लग्न झालेल्या, दोन मुलांच्या बाईने नुसतं वाचायला कॉलेजात जाणं म्हणजे चैन, असं सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं. मला त्या चेहऱ्यांचा राग यायचा. जितका राग यायचा तितकी मी कॉलेजवर अडून बसायचे.

पिंपरीच्या बाजूला एक कॉलेज होतं, सकाळी आठपासून दुपारपर्यंत भरणारं. तिथे आम्ही दोघं चौकशीला गेलो. एका खिडकीवर सांगितलं, जुनी मॅट्रिक आहे ना, मग बहुतेक थेट बारावीत बसता येईल. दुसऱ्या खिडकीवर सांगितलं, छे, जुनी मॅट्रिक म्हणजे आताची दहावी. तिसरे गृहस्थ म्हणाले, आधी समकक्षतेचा दाखला आणा, मग बोलू. समकक्षता हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. त्या दाखल्यासाठी पुण्याच्या खेपा झाल्या, आणि शेवटी निकाल लागला तो असा: माझी अकरावी म्हणजे दहावी. अकरावी पास झालेल्या बाईने आता अकरावीत बसायचं.

नेमक्या त्याच सुमाराला सासूबाई गावाहून आल्या होत्या, कांद्याची पिशवी घेऊन. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पिशवी बाजूला सरकवली आणि लेकाकडे बघून म्हणाल्या, “लग्नात तर अकरावी पास म्हून सांगितलं व्हतं.”

“पास आहेच ती,” हे म्हणाले.

“मंग परत त्याच वर्गात कशापायी बसतीया? मला येडी समजतो व्हय? नापास पोरगी गळ्यात मारली आपल्या.”

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. गुणपत्रिका काढून त्यांच्यापुढे धरावीशी वाटली, पण आत्याबाईंना अक्षर येत नव्हतं. हे मात्र शांतपणे म्हणाले, “आई, पूर्वी बाजारात शेर होता का न्हाई?”

“व्हता.”

“मग सरकारनं किलो आणला. धान्य तेवढंच राहिलं, माप बदललं. तसं हिचं झालंय.”

आत्याबाई माझ्याकडे पहिल्यांदाच मायेने बघत म्हणाल्या, “म्हंजी हितं बी लुटलंच म्हना की गरिबाला.” त्या दिवसापासून त्या माझ्या बाजूच्या झाल्या. गावी जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की सरकारने आमच्या सुनेचं एक वर्ष खाल्लं.

दाखला मिळाला, प्रवेश झाला, आणि मग खरी अडचण समोर आली. सकाळी मुलांना बघणार कोण? आत्याबाईंचं सगळं गावी, थोरल्या दिरांकडे. शेजारणींना एखाद-दुसरा दिवस सांगता येतं, वर्षभर नाही. हे सेकंडला किंवा नाईटला असले की प्रश्न नव्हता, सकाळी घरी असायचे. पण फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात पहाटेच बाहेर पडायचे. म्हणजे दर तिसऱ्या आठवड्याला माझं कॉलेज बुडणार. बरं, मधली एक शिफ्ट गाळून मागायची सोय नव्हती, सगळी बॅच एकत्र फिरायची. मी म्हणाले, चालेल, दोन आठवडे जाईन, तिसऱ्या आठवड्याचं कुणाकडून तरी उतरवून घेईन.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात हे सहज बोलल्यासारखं म्हणाले, “सध्या मला नाईटलाच टाकलंय. तिकडं माणसं कमी आहेत.” कंपनीचं काही सांगता येत नाही, हे मला माहीत होतं. मनात म्हटलं, देव पावला.

मग आमचा दिनक्रम बसला. सकाळी हे सायकल भिंतीला टेकवायचे तेव्हा मी चपला घालून दारात उभी असायचे. कंपनीत एक शिफ्ट दुसऱ्या शिफ्टला कामाची माहिती देते, तशी मी घाईघाईने द्यायचे: “दूध तापवलंय, धाकट्याला पातळ भात द्या, थोरलीची वेणी राहिलीय.” हे तितक्याच गंभीरपणे म्हणायचे, “घेतला चार्ज.” थोरलीची वेणी त्यांना कधी जमली नाही. शाळेतल्या बाई तिला विचारायच्या, आज परत बाबा का? दुपारी मी घरी आले की हे झोपायचे. डोळे तांबारलेले असायचे, जेवण कमी झालं होतं. मला दिसत होतं, पण मी कंपनीला नावं ठेवायचे आणि पुस्तक उघडायचे.

वर्गात मी सगळ्यात थोराड. पहिल्या दिवशी मुली मला बाई समजून उठून उभ्या राहिल्या. मला इतका आनंद होत होता की त्याचंही काही वाटलं नाही. पन्नास मिनिटं कुणीतरी आपल्यासमोर नुसतं शिकवतंय, आणि आपण त्यात उठून भाजी हलवायची नाही, हे सुख मला कसं सांगावं कळत नाही.

असे काही महिने गेले. आमच्याकडे कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असायची, कॉलेजची रविवारी. एका गुरुवारी दुपारी मी पुस्तकांची फुगलेली कापडी पिशवी घेऊन घरी आले, तर खोलीत तीन माणसं गंभीर चेहऱ्याने बसलेली. हे धाकट्याला मांडीवर घेऊन, खाली मान घालून. मला वाटलं, कंपनीत काहीतरी अपघात झाला.

तिघांनाही मी ओळखत होते. एक ह्यांच्या खात्यातले सगळ्यात जुने कामगार, मराठवाड्यातले. सगळे त्यांना मामा म्हणत. दुसरे युनियनचे प्रतिनिधी. तिसरा ह्यांच्या शेजारच्या मशीनवरचा, पिंपरीतच वाढलेला मुसलमान तरुण, जो मला भाभी म्हणायचा.

मामांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे बघितलं आणि सुस्कारा सोडला. “आलीस का माय परत? बरं केलंस. संसारात खटके उडतेतच. म्हणून काय पिशवी भरून निघायचं असतंय?”

मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनी धाकट्याचं नाक पुसायला घेतलं.

“मी कुठे निघाले?” मी म्हणाले.

“वहिनी, तुम्ही मोकळेपणानं बोला,” युनियनचे म्हणाले. “आम्ही काही त्याच्या एकट्याची बाजू घ्यायला आलो नाही. तुमचंपण ऐकून घेऊ.”

मला काही समजेना. तेव्हा त्या तरुणाने हळूच खुलासा केला. “भाभी, भाईने परमनंट नाईट मागून घेतलीय ना, म्हणून सगळे बोलायला लागले.”

आता हे वाचणाऱ्याला सांगायला हवं. परमनंट नाईट आपण होऊन कुणी मागत नाही. मागितली तर साहेब लगेच देतात, कारण नाईटला माणूस नेहमीच कमी. पण जो मागतो त्याच्याकडे सगळं खातं वेगळ्या नजरेने बघतं. ज्याला रात्री घरी नको असतं तोच नाईट मागतो, म्हणजे बायकोशी बिनसलंय, असा त्याचा सरळ अर्थ. मग काही दिवस वाट बघायची आणि चार जाणत्यांनी घरी जाऊन समेट घडवायचा, ही आमच्याकडची रीत. ह्या तिघांनी ती पाळली होती.

“मागून घेतली?” मी ह्यांना विचारलं. “मला तर सांगितलं, कंपनीने टाकलंय.”

ह्यांनी धाकट्याला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं.

“नुसती नाईट असती तर आम्ही आलो नसतो,” युनियनचे पुढे बोलत राहिले. त्यांना वाटलं मला सगळं ठाऊक आहे. “पण डिप्लोमाची सीट सोडायची म्हणजे काय? आयटीआय आणि इतक्या वर्षांचं काम हे मॅट्रिकच्या बरोबरीचं धरायला कंपनीला आम्ही भांडून राजी केलं. संध्याकाळचा डिप्लोमा, फी कंपनीची, त्यासाठी कायमची फर्स्ट शिफ्ट. पास झाला की सुपरवायझर. खात्यातून एकाचं नाव निघालं, ते याचं. आणि हा म्हणतो, नको.”

“म्हणून आम्ही घाबरलो,” तो तरुण म्हणाला. “माणसाला घरात लईच टेन्शन असल्याशिवाय असं कोण करतं?”

कायमची फर्स्ट शिफ्ट. म्हणजे सकाळी हे कधीच घरी नाहीत. म्हणजे माझं कॉलेज बंद. दोन अधिक दोन करायला मला वेळ लागला नाही. माझे कान तापले. पाहुण्यांसमोर नवऱ्याला वाटेल तसं बोलू नये, एवढं वळण मला होतं, पण त्या दिवशी ते कुठे गेलं कोण जाणे. “अहो, तोंड उघडा की,” मी ओरडले. “मला एका शब्दाने विचारलं का तुम्ही? मी कोण आहे या घरात?”

“बघा,” मामा युनियनच्यांना म्हणाले, “म्हणलं नव्हतं मी?”

तेव्हा मी ती पिशवी त्यांच्यासमोर सतरंजीवर पालथी केली. पुस्तकं पसरली. “मामा, मी माहेरी नव्हते गेले. मी कॉलेजात जाते. सकाळी. म्हणून ह्यांनी नाईट घेतली.”

तिघंही पुस्तकांकडे बघत बसले. युनियनच्यांनी एक उचलून चाळलंसुद्धा.

“म्हणजे तुमचं भांडण झालेलंच नाही?” त्यांनी विचारलं.

“झालं नव्हतं,” मी म्हणाले. “आता होणार आहे.”

पहिल्यांदा मामा हसले, मग सगळेच. हेसुद्धा. मला हसू येत नव्हतं. मी आत जाऊन चहा टाकला आणि स्टोव्हला पंप मारता मारता रडून घेतलं.

चहा पिताना त्यांनीच तोडगा काढला. समेट करायला आलेली माणसं काहीतरी मिटवल्याशिवाय उठणार कशी? मामा म्हणाले, रोजची नाईट करून हे पोरगं मरंल. याने परत बॅचबरोबर फिरावं, फर्स्ट शिफ्ट तर सगळ्यांनाच हवी असते. याच्या फर्स्टच्या आठवड्यात दुसऱ्या बॅचमधल्या कुणीतरी आपली सेकंड याला द्यावी आणि याची फर्स्ट घ्यावी. साहेबांशी बोलायचं काम युनियनच्यांनी अंगावर घेतलं. तो तरुण दुसऱ्या बॅचमधला होता, पहिली अदलाबदल त्याने तिथल्या तिथे कबूल केली. पुढे मी बारावी होईपर्यंत आणि त्यानंतरही कॉलेजचं शेवटचं वर्ष संपेपर्यंत ती माणसं आळीपाळीने ह्यांच्याशी शिफ्ट बदलत राहिली. त्यांच्यातल्या बहुतेकांना बी.ए. म्हणजे काय हे धड माहीत नव्हतं. मला त्यांची आठवण आली की आजही गलबलून येतं.

ते गेल्यावर मी दार लावलं आणि म्हणाले, “डिप्लोमा करा. मी काय, घरी बसूनही परीक्षा देऊ शकते.”

“घरी बसून तुझं होणार नाही,” हे म्हणाले. “दोन पोरं आणि स्वयंपाक. पुस्तक उघडशील कधी?”

“मग माझं राहू दे.”

“माझं परत निघंल. दरसाल एकाला घेणार आहेत. तुझं एकदा सुटलं की सुटलं.”

त्या बोलण्यात खोट काढता येईना. मी दुसऱ्या दिवशी सकाळी उठले, वेणी घातली आणि कॉलेजला गेले.

बारावीनंतर परत तोच बाजार भरला. भाऊ म्हणाला, आता तरी डी.एड. कर. मी इतिहासाला गेले. ह्यांनी मात्र एकदाही विचारलं नाही, की त्याचं पुढे काय होणार. मी पहिल्या वर्षाला असतानाच कंपनीने ती संध्याकाळच्या डिप्लोमाची योजना बंद केली. पॉलिटेक्निकमधून ताज्या डिप्लोमा झालेल्या मुलांना थेट घ्यायला सुरुवात झाली. ह्यांचं परत काही निघालं नाही. ही बातमी ह्यांनी मला जेवताना, आमटी वाढून घेता घेता सांगितली आणि वर म्हणाले, “बरं झालं, त्या वयात गणित झेपलं नसतं.” मी ह्यांच्यावरच चिडले. म्हणाले, तुम्ही थट्टा करू नका. हे म्हणाले, “मग काय करू?”

बी.ए. झाले. पदवी घरपोच मागवता आली असती, पण मी हट्टाने पुण्याला विद्यापीठात समारंभाला गेले. हे नाईट करून आले, आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि माझ्याबरोबर बसमध्ये बसले. मंडपात पाहुण्यांची भाषणं लांबत गेली. आमच्या शाखेला उभं राहायला सांगितलं, तेव्हा तो भाड्याचा काळा झगा सावरत मी उभी राहिले आणि मागे वळून पाहुण्यांच्या खुर्च्यांत ह्यांना शोधलं. हे झोपले होते. मान बाजूला पडलेली, तोंड किंचित उघडं. शेजारचे एक गृहस्थ त्यांच्याकडे नापसंतीने बघत होते. मला त्या गृहस्थांच्या अंगावर धावून जावंसं वाटलं.

समारंभ संपल्यावर मी ह्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसले. मंडप रिकामा होत आला होता. थोड्या वेळाने आपोआप जाग आली. मला झग्यात बघून दचकले, मग ओशाळून म्हणाले, “झालं?”

“झालं.”

“मला उठवायचं नाही का?”

माझ्या मनात इतकी वर्षं साठलेलं तेव्हा बाहेर आलं. मी म्हणाले, “तेव्हा मला विचारायला हवं होतं तुम्ही. डिप्लोमा सोडायच्या आधी.”

हे सरळ होऊन बसले. डोळे चोळले. “विचारलं असतं तर तू तुझं कॉलेज सोडलं असतंस.”

हे वाक्य मला तसंच पदरात घेता आलं असतं. कुठल्याही चांगल्या बाईने घेतलं असतं. पण हातात पदवी होती आणि मला त्या दिवशी खोटं बोलायचं नव्हतं.

“नसतं सोडलं,” मी म्हणाले.

हे हसले, अगदी मोकळं. “ते मला माहीत होतं.”

“मग विचारलं का नाही?”

“तुला तसं तोंडानं म्हणायला लागलं असतं. घरात सगळ्यांसमोर. आई, तुझा भाऊ, सगळे तुला बोलले असते.” ह्यांनी माझ्या हातातली गुंडाळी घेतली, उलगडून नीट बघितली, आणि परत गुंडाळून माझ्याकडे दिली. “चल. झगा परत करायचाय ना?”

मी खुर्चीतून उठले नाही. मी रडत होते आणि हे माझ्या पाठीवर हात ठेवून उभे होते, मंडपवाल्यांनी खुर्च्या उचलायला सुरुवात केली होती तरी. मग आम्ही झगा परत केला, बाहेर उभ्याने चहा घेतला आणि लगेच बस धरली. ह्यांना त्या दिवशीही नाईट होती.